देव निर्गुण असेल तर त्याच्याशी नातं कसं जोडायचं?

तुमचा प्रश्न असा की देव जर निर्गुण निराकार आहे, तर त्याच्याशी नातं कसलं? आणि तुमची आजी विठ्ठलाच्या तसबिरीपुढे उभी राहून त्याच्याशी भांडते, ते अडाणीपण समजायचं का? मी कीर्तनकार नाही की अभ्यासक नाही. घरात वारी आहे आणि थोडंफार वाचन आहे, तेवढ्या भांडवलावर लिहितोय.

आधी आजीचं. देवाशी भांडणारी ती काही पहिली नव्हे. जनाबाईने विठ्ठलाला सरळ शिव्या घातल्यात. तुकोबांच्या गाथेत ‘माझे लेखी देव मेला’ म्हणणारा अभंग आहे, आणि तो कुणी गाळला नाही, आजही गातात. ज्याच्याशी काही देणंघेणंच नाही त्याच्यावर इतकं कोण चिडतं? त्यामुळे आजी बरोबर रांगेत उभी आहे एवढं नक्की.

आता पंढरपुरात काय चालतं ते बघा. आषाढीच्या आधी मुहूर्त बघून देवाचा पलंग शेजघरातून बाहेर काढतात. तिथून पुढे शेजारती बंद, झोप बंद, दर्शन चोवीस तास सुरू. उभं राहून पाठ अवघडेल म्हणून विठोबाच्या मागे लोड लावतात आणि रुक्मिणीमातेला तक्क्या. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्याने न्हाऊ घालतात, पलंग पुन्हा जागेवर येतो आणि शिणवटा जावा म्हणून रात्री काढा दाखवतात. आयुर्वेदिक काढा, बरं का! आपण दमून आलो की घरी जे करतात तेच.

निर्गुणाला कसला आलाय शिणवटा, असं तुम्ही म्हणाल. गंमत अशी की हे न कळणारी ही वारकरी माणसं नाहीत. ज्या ज्ञानेश्वरांची पालखी ते खांद्यावर घेतात, तेच पक्के अद्वैती. देव आणि मी मुळात एकच, तर भक्ती कोण कुणाची करणार, हा तुमचाच पेच त्यांनी अमृतानुभव या आपल्या ग्रंथात घेतलाय. त्यांचं उत्तर असं की एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरता येतो, मग भक्तीचा व्यवहार तसाच का होऊ नये? वेरूळचं कैलास लेणं पाहिलं असेल तर हे चटकन कळेल. कळसापासून खाली कोरत आणलेला एकच कातळ. हत्ती आहेत, खांब आहेत, देऊळ आहे, आणि सांधा कुठेच नाही. सगळं एक असूनही समोरासमोर उभं राहता येतं. मला तरी यापेक्षा चांगलं उत्तर कुठे सापडलेलं नाही.

म्हणून ‘आधी देवाचं स्वरूप ठरवू, मग नातं जोडू’ हा क्रमच मला पटत नाही. आईची व्याख्या पाठ करून कुणी तिच्या कुशीत शिरत नाही.

नवसाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. काम झालं तर अमुक वाहीन, ही बोली झाली, तिथे नातं कुठे आहे? पुंडलिकाची कथा आठवा. देव दारात आला, हा आईवडिलांची सेवा करत होता. उठलासुद्धा नाही. वीट भिरकावली आणि म्हणाला, थांब जरा. देव थांबला. मागणं नाही, भीती नाही, आणि हातातली सेवाही सोडली नाही.

हे सगळं गोड वाटतं खरं, पण संत चोखोबांपाशी येऊन मी अडतो. विठ्ठलावर इतकं प्रेम करणाऱ्या या माणसाला जातीमुळे देवळात पाऊल टाकता आलं नाही. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. म्हणजे बाहेरच. दलितांना आत जायला 1947 उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. देव त्यांचा होता की नव्हता? चोखोबांच्या अभंगांत विठ्ठल पूर्णपणे त्यांचा आहे, त्याला ते खडसावून जाबही विचारतात. दार अडवलं ते माणसांनी. पण सहाशे वर्षं देव कमरेवर हात ठेवून बघत राहिला, हा राग माझा गेलेला नाही, आणि तो राग घेऊनच मी वारीला जातो.

वाचायचंच असेल तर हरिपाठ आणि चोखोबांचे अभंग यांपासून सुरुवात करा. अमृतानुभव टीकेशिवाय हातात घेऊ नका, दुसऱ्या पानावरच दमछाक होईल. आणि आजीला निर्गुण-सगुण समजवायला जाऊ नका, ती तुम्हालाच गप्प करेल.