पिशवी काढल्यावर कंबर का धरते?

प्रश्न: मॅडम, माहं वय ५२ आहे. ३८ व्या वर्षी पिशवी काढली. आता कंबर एवढी धरते का कापूस वेचाले वाकलं की सरळच होता येत नाही. गावातले डॉक्टर म्हणतात वय झालं. जाऊबाई म्हणते पिशवी काढली म्हणून. हार्मोनच्या गोळ्या घेऊ का?
(एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर: ताई, "वय झालं" म्हणून ५२ वर्षांच्या बाईला परत पाठवणं मला अजिबात पटत नाही. आधी ऑपरेशनची फाईल शोधा, कारण इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन बनतं अंडाशयात, पिशवीत नाही, त्यामुळं नुसती पिशवी काढली की दोन्ही अंडाशयंही, हे कळायलाच पाहिजे. दोन्ही गेली असतील तर इस्ट्रोजेन तेव्हाच एकदम खाली आलं, आणि राहिली असतील तरी अशा बायकांत ते इतरांपेक्षा थोडं लवकर कमी होतं आणि पाळीच नसल्यानं पत्ताही लागत नाही.

इस्ट्रोजेन असतं तोवर हाडाची झीज आवरलेली असते, ते गेलं की हाड बनतं कमी अन् झिजतं जास्त, मणके आतून पोकळ होत जातात. मणक्यांमधल्या गादीवरही त्याचा परिणाम होतो, गादी सुकते, बसते, आणि कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढं सरकणं तर बायकांत पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं. त्यात वर्षानुवर्षं निंदण, वेचणी, दिवसभर वाकून काम, म्हणून सगळं खापर एकट्या इस्ट्रोजेनवर फोडता येत नाही.

हार्मोनच्या गोळ्या फक्त कंबरदुखीसाठी देत नाहीत. त्यात अंडाशयं ३८ लाच गेली असतील तर १४ वर्षं झाली, १० वर्षं उलटल्यावर नव्यानं सुरू करणं सहसा टाळतात कारण पक्षाघात, रक्ताच्या गाठी यांचा धोका असतो. मेडिकलवरून स्वतः तर आणूच नका, आणि दुखीच्या बिननावाच्या पुड्या पण नको, त्यात स्टेरॉईड असलं तर हाडं अजून ठिसूळ होतात.

जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखवा, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, कुठं होते ते विचारा. साध्या एक्सरेत हाडाची झीज बरीच उशिरा दिसते. व्हिटॅमिन डी पण तपासा. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, दूध-दही, तीळ, जवसाची चटणी पोटात जाऊ द्या. पाठीचे व्यायाम मात्र शिकूनच करा.

उंची कमी झाली, पोक निघालं किंवा एकदम कळ आली तर मणका दबलाय का ते लगेच बघून घ्या. पाय बधिर पडले, लघवीवरचा ताबा गेला तर वेचणी सोडून त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.