उत्तर: पाणी ओसरलं म्हणून पंचनामा नाही म्हणतात, काय करू?

दादा, तुमची पोस्ट वाचून डोकंच फिरलं, आमच्या चाळीत अगदी हेच झालेलं. तळमजल्याची खोली, तुम्ही भाडेकरू, मुंबईतल्या मिठी नदीचं पाणी कमरेपर्यंत, ओहोटी लागल्यावर सगळं उतरलं आणि आता ऑफिसवाले म्हणतात पाणीच नाही तर पंचनामा कसला. वर तुम्ही विचारलंय की हवामान बदलाच्या नुकसानीसाठी जो जागतिक फंड झालाय त्यातून आपल्याला काही मिळेल का, हा मानवी हक्काचा प्रश्न नाही का.

फंडाचं आधी उरकतो. २०२२ ला इजिप्तमध्ये ठरला, २०२३ ला दुबईत सुरू झाला, पण पैसे देशांच्या प्रकल्पांना जातात, तुम्ही-आम्ही अर्ज करायची सोयच नाही त्यात. पॅरिस कराराच्या ८ व्या कलमात नुकसानीचा विषय आहे खरा, पण त्यासोबतच्या ठरावात लिहून ठेवलंय की यावरून कुणाला जबाबदार धरून भरपाई मागता येणार नाही. म्हणजे धूर कुणाचा आणि गाद्या कुणाच्या भिजल्या. असो.

आता खरं दुखणं. एक ऑफिस, नाव घेत नाही. पाणी उतरलं त्या दिवशी तिथल्याच माणसाने आमच्या चाळीत येऊन सांगितलं की रोगराई पसरेल, चिखल काढा, भिजलेलं फेकून द्या, साहेब मागाहून येतील. लोकांनी गाद्या, पुस्तकं, फुगलेलं प्लायवूडचं कपाट सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकलं. मग साहेब आले, चप्पल न काढता दारातूनच बघितलं, आणि कागदावर लिहिलं, 'सद्यस्थितीत घर कोरडे असून नुकसान दिसून आले नाही.' भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ स्पष्ट होती, शेजारच्या काकूंनी बोट लावून दाखवली, तर म्हणाले ती जुनी ओल असेल. त्या एका वाक्यापुढे नंतरचे सगळे अर्ज आपटले. वरचा साहेब बदलला तरी वाक्य तेच.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: हक्क वगैरे कोर्टात नंतर, आधी तो पंचनाम्याचा कागद सांभाळा. 'नुकसान नाही' लिहिलं असेल तर नुसती सही करू नका, खाली स्वतःच्या हाताने 'मान्य नाही' लिहा, पाणी किती आलं, काय गेलं ते लिहा आणि मग सही करा, दोन शेजाऱ्यांच्याही घ्या. पंचनामाच केला नाही तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या, तोंडी बोलण्याला किंमत शून्य.

आपत्तीत मदत देण्याच्या केंद्राच्या २०२२ ते २६ च्या निकषांत कपड्यांना २५०० आणि भांड्यांना २५०० रुपये होते तेही कुटुंबामागे, त्यामुळे 'मालकाला आणा' म्हणाले तर विचारा की माझ्या भांड्यांचा मालक कोण. घरदुरुस्तीचं वेगळं, तिथे मालकाचा संबंध येतो. पण खरी मेख दुसरीच, त्या निकषांत घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असल्याची अट होती. ती गावातल्या पुराला ठीक, मुंबईत पाणी भरतीबरोबर चढतं आणि ओहोटीला जातं, फ्रिज मात्र दोन तासांत मरतो! सरकार कधीकधी ही अट शिथिल करतं, तसा जीआर निघालाय का ते तहसीलला विचारा. बुडालेला रोज, पोराची वह्या-पुस्तकं, आईचं आजारपण, याला तर रकानाच नाही कुठे.

हक्काचं म्हणाल तर आधार आहे. सुप्रीम कोर्टाने २१ मार्च २०२४ ला माळढोकाच्या केसमध्ये, हो पक्ष्याच्याच, सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा घटनेच्या १४ (समानता) आणि २१ (जगण्याचा हक्क) कलमांतला हक्क आहे. १९८५ च्या फुटपाथवासीयांच्या निकालात उपजीविका २१ मध्ये आलीच होती. पण खिडकीवरच्या क्लार्कला हे सांगून काही हलत नाही, उलट 'मग कोर्टातच जा' ऐकून घ्यावं लागतं. वरच्या साहेबाकडे तक्रार किंवा अपील कराल तेव्हा दोन ओळीत टाका. (मी वकील नाही, अनुभवावरून बोलतोय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट सल्ला मिळतो, तिथे एकदा दाखवून घ्या.)

पंचनाम्याची नक्कल आणि मदत मिळालेल्यांची यादी आरटीआयने मागा. १० रुपये, ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, त्यामुळे दोन वेगळे अर्ज करा, रामायण लिहिलं की तेच निमित्त करून परत पाठवतात.

आणि हो, त्या पाण्यातून चालला असाल, पायाला जखम असेल तर लेप्टोसाठी (घाण पाण्यातून होणारा ताप) आजच पालिकेच्या दवाखान्यात जा, गोळ्या २४ ते ७२ तासांतच घ्यायच्या असतात. केसपेपर जपून ठेवा, तारखेसकट तुम्ही पाण्यात होतात याचा तो एक पुरावाच झाला.

तुमच्या पंचनाम्यात नेमकं काय लिहिलंय ते नाव-पत्ता झाकून टाका, तक्रारीचा मसुदा त्यावरून करून देतो.