गाडी राहू द्या, आधी पॉलिसीचं बघा

पुण्याच्या एका वाचकांचं पत्र आलंय. आजोबांनी 1947 साली मुंबईत घेतलेली 1938 ची एमजी टीए ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार त्यांनी 14 लाख घालून पुन्हा उभी केली. त्यातले 9 लाख पर्सनल लोनचे, 14 टक्क्यांचे, सगळे अजून फेडायचेत. विचारतात, आज 30 लाखांना मागणी आहे, विकू की पाच वर्षं थांबू? मित्र म्हणतो, किंमत वर्षाला 15 टक्के वाढेल. शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘मुलीच्या शिक्षणाची काळजी नाही, बँकेतल्या साहेबांनी गॅरंटीड पॉलिसी करून दिली आहे.’ मुलगी दहावीत.

मला घोर लागला तो या शेवटच्या ओळीचा. सोबतच्या कागदावर दिसतंय की दहा वर्षं तीन-तीन लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर 48 लाख मिळणार. परतावा पडतो वर्षाला जेमतेम 3 टक्के. साध्या पीपीएफला 7.1 मिळतात! शिवाय पैसे हातात येतील तेव्हा मुलगी चौतीस वर्षांची असेल, फी भरायची आहे दोन वर्षांनी. तिच्या शिक्षणाच्या नावाखाली हे तुमच्या गळ्यात मारणं सरळ फसवणूक आहे.

म्हणजे तुम्ही 14 टक्के व्याज भरताय आणि त्याच वेळी 3 टक्क्यांवर पैसे गुंतवताय. लोनचा हप्ता 21 हजार, पॉलिसीचे महिन्याकाठी 25 हजार. पॉलिसीचे दोनच वार्षिक हप्ते भरलेत, तेव्हा विमा कंपनीकडून सरेंडर (आत्ता बंद केली तर हातात येणारी) आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता चालू ठेवली तर शेवटी मिळणारी), दोन्ही रकमा लेखी मागवा. सहातले दोन-तीन लाख गेले तरी पुढचे 24 लाख अडकायचे वाचतात. ते 25 हजार लोनकडे वळवले की दोन वर्षांच्या आत लोन संपतं, आणि नेमकी मुलीची बारावी होताना महिन्याला 46 हजार मोकळे होतात. आयुर्विमा हवाच, पण निव्वळ टर्मचा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा, आणि तो हातात आल्यावरच ही पॉलिसी सोडा.

आता गाडी. 15 टक्के धरले तर पाच वर्षांत 60 लाख. देणार कोण? इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात अशा सुमारे 3,000 टीए बनल्या. खरे गिऱ्हाईक ब्रिटनमध्ये, आणि 1950 पूर्वीची गाडी परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाही. इथले मोजके शौकीन एवढाच तुमचा बाजार. त्यात बॉडीचा सांगाडा लाकडी, आपल्या पावसाळ्यात तो जपायला दरवर्षी खर्च येणार. वाढ शून्य धरा.

पुढची काच आडवी पाडून दर रविवारी मुलीला फिरवून आणता, असं तुम्ही लिहिलंय. त्यासाठी गाडी ठेवणार असाल तर जरूर ठेवा, लोन फेडायला ती विकायची गरज नाही. मात्र आरसी अजून दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. तुमच्या बहिणीचाही त्यात हक्क आहे, तिची लेखी संमती घेऊन नाव आत्ताच बदला. आणि या फेऱ्यांचे फोटो, पेट्रोलच्या पावत्या, गाडीच्या विम्याचे कागद जपून ठेवा, पुढे कधी विकलीत तर करासाठी लागतील. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जुन्या फोर्डच्या विक्रीवरचा नफा करपात्र ठरवला, कारण मालकाला ती स्वतः वापरल्याचं सिद्ध करता आलं नाही.

विमा कंपनीचं उत्तर आलं की दोन्ही आकडे मला कळवा.