शाळेत पिस्तूल बाळगायला हो म्हणू का?

प्रश्न: ताई, मी टेक्ससमध्ये डॅलसजवळच्या शाळेत चौथीला शिकवते. काही शिक्षकांना प्रशिक्षण देऊन शस्त्र बाळगू द्यायचं इथे ठरतंय. मी कॉलेजात एनसीसीत होते, म्हणून प्रिन्सिपलबाईंनी मलाही विचारलं. घरचे नको म्हणतात. पण मी नाही म्हटलं आणि उद्या काही विपरीत घडलं तर?
– एक वाचक, डॅलस

उत्तर: प्रिन्सिपलबाईंना आधी एवढंच विचारा, की गोळीचा आवाज आला तर मी वर्ग सोडून आवाजाच्या दिशेनं धावायचं, की मुलांजवळ थांबायचं? याचं स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत कशावरही सही करू नका.

मी ह्यूस्टनच्या एका शाळेत बरीच वर्षं शिकवलं. लॉकडाउन ड्रिलला, म्हणजे शाळेत हल्लेखोर शिरला तर काय करायचं याच्या सरावाला, दार लावायचं, दिवे घालवायचे, दाराच्या काचेवर कागद ओढायचा, मुलांना भिंतीलगत बसवायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलाला दमा होता. अंधारात त्याची छाती वाजायला लागायची, म्हणून त्याचा पंप हातात घेऊन मी त्याच्याच शेजारी बसायचे. हे सगळं सांभाळणाऱ्या बाईनं त्याच मिनिटाला पिस्तूल काढून कॉरिडॉरमध्ये जावं, हे मला पटत नाही.

शस्त्रानं कधी उपयोग झालाच नाही असं नाही. 1997 साली मिसिसिपीतल्या पर्ल इथे जोएल मायरिक यांनी आपल्या गाडीतलं पिस्तूल आणून हल्लेखोराला रोखलं. पण ते उपमुख्याध्यापक होते, वर्गशिक्षक नव्हते. आणि 24 मे 2022 ला टेक्ससमधल्याच युवाल्डीत शाळेत गोळीबार झाला तेव्हा काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे: 376 पोलीस जमले, तरी वर्गात शिरायला 77 मिनिटं गेली. 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. रोज बंदूक बाळगणाऱ्यांचे पाय तिथे अडले. टेक्ससमध्ये स्कूल मार्शलला, म्हणजे शस्त्र बाळगणाऱ्या शाळेच्या कर्मचाऱ्याला, 80 तासांचं प्रशिक्षण देतात. तेवढ्यावर तुमच्याकडून त्या पोलिसांहून जास्त अपेक्षा कशी करायची?

दुसरी भीती मला जास्त छळते. 2021 मध्ये कोलोरॅडोतल्या अरवाडात जॉनी हर्ली या माणसानं बंदूकधाऱ्याला गोळी घालून थांबवलं. तेवढ्यात पोलीस पोचले, त्यांनी हर्लीलाच हल्लेखोर समजून गोळी घातली. तो गेला. तुमच्या शाळेत पोलीस शिरतील तेव्हा हातात पिस्तूल घेतलेली, साध्या कपड्यातली सावळी बाई कोण आहे हे त्यांना कोण सांगणार? शिवाय वर्षातले बाकीचे सगळे दिवस ते पिस्तूल कमरेला लावूनच तुम्ही मुलांच्या वह्यांवर वाकणार.

म्हणून माझं मत विचाराल तर नाही म्हणा, आणि लेखी म्हणा. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. तुमचं काम दाराच्या आतलं आहे, आणि ते सोपं नाही.

त्याच पत्रात दाराचं लिहा. युवाल्डीतल्या एका वर्गाचं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत आधीपासून माहीत होतं, असं टेक्सस विधानसभेच्या चौकशी अहवालात आलंय. तुमचं दार आतून चटकन लागतं का, हे उद्याच बघा. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, बांधायला शिका, आणि शाळेतली रक्तस्राव रोखण्याची पेटी नेमकी कुठल्या कपाटात आहे ते विचारून घ्या.