आईची जर्मनची भांडी

मागच्या पावसाळ्यात वर्षाताई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.) वय 41, घर नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी हिशेबाची. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, ॲल्युमिनियम एकदा मेंदूत गेलं की बाहेर काढता येतं का?"

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. कुणाला कुकरची भीती, कुणाला टूथपेस्टची. वर्षाताईंना दोन्हींची होती.

त्यांच्या आई पंचवटीत राहायच्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून वीसेक वर्षं त्यांनी डबे चालवले. सातपूरच्या कारखान्यांतली मुलं, कॉलेजची मुलं, रोजचे चाळीस-पन्नास डबे. सगळा स्वयंपाक मोठाल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यांत. गेल्या वर्षभरात आई विसरायला लागल्या. तेच तेच विचारायच्या, वरण दोनदा कुकरमध्ये करपलं. त्याच सुमारास घरच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवलं की ॲल्युमिनियमची भांडी आणि फ्लोराइडची पेस्ट मेंदू निकामी करतात. वर्षाताईंनी आईला आपल्याकडे आणलं, पातेली भंगारात दिली, पाच वर्षांच्या मुलाची पेस्ट बंद केली, प्यायला विकतच्या पाण्याचे जार सुरू केले. मग कळलं की गढूळ पाण्यात फिरवतो ती तुरटी म्हणजेही ॲल्युमिनियमचाच क्षार. त्या दिवशी त्या ओट्याशी उभ्या राहून रडल्या.

"भांडी दिल्यावर झोप लागली?" मी विचारलं.

"दोन रात्री लागली. मग पेस्टचं डोक्यात आलं."

अशा वेळी "काळजी करू नका" म्हणून काही साधत नाही. माणूस एवढं वाचून आलेला असतो की त्याला ते टाळल्यासारखं वाटतं. मी डॉक्टर नाही, पण या विषयात पक्कं काय माहीत आहे ते मी समजून घेतलेलं आहे, आणि ते मी त्यांच्यासमोर सरळ मांडलं.

ॲल्युमिनियमची भीती हवेतून आलेली नाही. 1965 मध्ये सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचले तेव्हा मज्जापेशींत गुंते झालेले दिसले. पुढे 1970 च्या दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांची बोलताना जीभ अडखळू लागली, स्मरण गेलं, झटके आले. यंत्रात वापरल्या जाणाऱ्या पाण्यातलं ॲल्युमिनियम थेट त्यांच्या रक्तात जात होतं, आणि ते बाहेर टाकायला मूत्रपिंडं धड नव्हती. पाणी शुद्ध करून वापरायला लागल्यावर हा आजार मागे हटला. म्हणजे हा धातू मेंदूला अपाय करू शकतो, हे खरंच आहे.

पण जेवणातून पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्काही रक्तात उतरत नाही, आणि उतरतं त्यातलं बहुतेक निरोगी मूत्रपिंडं लघवीवाटे काढून टाकतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे 2 मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. साठ किलोच्या माणसाला 120 मिलिग्रॅम. भांड्यांमुळे अल्झायमर होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. पाण्यातल्या ॲल्युमिनियमवर अभ्यास झाले, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आंबट पदार्थांत मात्र धातू जास्त उतरतो. आपल्या आज्या कल्हई गेलेल्या पितळेत चिंचेची आमटी करत नसत, कळकते म्हणून. तोच न्याय इथे लावावा. कोकमाचं सार, टोमॅटोचं सार स्टीलमध्ये करावं, जर्मनच्या पातेल्यात रात्रभर ठेवू नये. ज्यांची मूत्रपिंडं दुखावली आहेत त्यांनी तर आपल्या डॉक्टरांना हे जरूर विचारावं.

फ्लोराइडबद्दल वर्षाताईंनी वाचलेलं अर्धं बरोबर होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट 2024 मध्ये अहवाल दिला. पाण्यात लिटरला 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल तर मुलांच्या बुद्ध्यंकात घट दिसते, असं त्यांनी मध्यम खात्रीने म्हटलं. तिथल्या नळांना जे 0.7 ठेवतात, त्या पातळीला परिणाम होतो की नाही हे ठरवायला माहिती पुरेशी नाही, हेही त्यांनीच लिहिलं. आपल्याकडे नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालतच नाहीत. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत ते जमिनीतूनच इतकं येतं की दात पिवळे पडतात, हाडं आखडतात, आणि ते काढण्यासाठी धडपड करावी लागते. गंमत बघा, त्यासाठी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत तुरटी आणि चुन्यावरच चालते. नाशिक शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचं पाणी मिळतं. ते साठवलेलं पावसाचं पाणी, खोल विंधनविहिरीचं नव्हे. फ्लोराइडचा त्रास बहुधा खडकात मुरलेल्या पाण्यातून होतो.

वर्षाताईंच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळतात. तेवढं मात्र तपासून घ्या म्हटलं. आकडा अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास आला. भारतीय मानकाप्रमाणे 1 पर्यंत चालतं. मुलाच्या दाढेला तोवर कीड लागली होती. दंतवैद्यांनी पेस्ट पुन्हा सुरू केली, वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा म्हणाले.

पुढच्या वेळी मी आईंना सोबत आणायला सांगितलं. वर्षाताई बाहेर बसल्या होत्या. मी आईंना विचारलं, इकडे करमतं का. उत्तर वेगळंच आलं. प्रश्न त्यांना ऐकूच आला नव्हता. मी खुर्ची जवळ ओढून मोठ्याने विचारलं. बराच वेळ त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या हातचं खाऊन पोरं शिकली. आता ही म्हणते त्या भांड्यांत विष होतं. मग मी एवढी वर्षं काय खाऊ घातलं लोकांना?"

लेकीकडे आल्यापासून त्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नव्हत्या. लेकीला वाटत होतं, त्या स्वयंपाक विसरल्यात.

वर्षाताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. खरं तर त्यांचंही दुखणं तेच होतं. आई खपली आपल्या फीसाठी, आणि त्याच भांड्यांनी तिचा घात केला, हा विचार त्यांना पोखरत होता. भांडं उचलून टाकता येतं. आईला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेऊन ते काय म्हणतात ते ऐकणं त्याहून कितीतरी अवघड. दहा महिने विसरभोळेपणा चालू होता आणि अजून एकही तपासणी झाली नव्हती. मला सगळ्यात जास्त चिंता वाटली ती याची, आणि हे मी त्यांना स्पष्ट बोलले. विसरण्यामागे बी-12 ची कमतरता असू शकते, थायरॉइड असू शकतं, नैराश्य असू शकतं. यांवर उपचार आहेत आणि ते वेळेत व्हावे लागतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टी मांडल्या. त्यांत मधुमेह, रक्तदाब, कमी ऐकू येणं, दृष्टी जाणं, एकटेपणा, प्रदूषित हवा आहे. ॲल्युमिनियम नाही, फ्लोराइडही नाही.

तपासण्या झाल्या. बी-12 बरंच कमी निघालं, दोन्ही कानांनी ऐकू कमी येत होतं. वरण करपायचं ते का, तेही तिथे उलगडलं. आईंना शिट्ट्याच ऐकू जात नव्हत्या. इंजेक्शनं सुरू झाली, कानाला यंत्र आलं. तरी स्मरणाच्या चाचणीत थोडी घसरण दिसतेच आहे, आणि डॉक्टरांनी ती झाकून ठेवली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

परवा वर्षाताईंचा फोन आला. मागून कुकरची शिट्टी ऐकू येत होती, आणि आईंचा आवाज: "तीन झाल्या गं, गॅस बंद कर." भंगारात द्यायचं राहून गेलेलं एक पातेलं माळ्यावर सापडलं होतं. आईंनी ते घासून काढलंय. भात त्यातच करतात, आमटी स्टीलमध्ये.