अभिरूप विधानसभेत अध्यक्षांनी मत द्यायचं का?

प्रश्न : कॉलेजात अभिरूप विधानसभा भरवतोय, विषय पर्ससीन मासेमारी (माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढून पकडणं). प्रॅक्टिसलाच सगळे एकमेकांवर ओरडतात. आणि अध्यक्षांनी मत द्यायचं का? – विद्यार्थिनी, राजापूर

उत्तर : अगं, आधी एक गोष्ट पक्की करा, बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशूनच, 'तू काय सांगतोस' नाही तर 'अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्य म्हणाले की...', एवढ्यानेच निम्मा आवाज खाली येतो बघ. अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने लगेच बसायचं, यात सूट अजिबात नको. मताचं म्हणशील तर राज्यघटनेच्या कलम १८९ प्रमाणे अध्यक्ष आधी मत देत नाहीत, मतं समसमान पडली तरच निर्णायक मत. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर लहानपणी तुमच्या राजापुरातच शिकले, तेव्हा त्या खुर्चीवर शांत डोक्याचं कुणीतरी बसवाच!