युरोपला अमेरिकन क्लाउड सोडणं खरंच जमेल का?
जमेल, पण एका झटक्यात नाही. जर्मनीतलं श्लेसविग-होल्श्टाइन राज्य बघा, 2024 मध्ये त्यांनी ठरवलं की सरकारी ऑफिसातल्या साधारण 30,000 कॉम्प्युटरवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून फुकट मिळणारं लिब्रेऑफिस टाकायचं, मग ईमेलपण मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकवरून थंडरबर्ड या फुकट प्रोग्रामवर नेला. म्हणजे वर्ड-एक्सेल सुटतं हो, लोक थोडे दिवस कुरकुरतात आणि शिकतात.

खरी गोची क्लाउडची, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर डेटा ठेवण्याची आहे. सर्व्हर फ्रँकफर्टला असला तरी कंपनी अमेरिकन असेल तर 2018 च्या क्लाउड अ‍ॅक्ट या अमेरिकन कायद्याखाली तिकडचं कोर्ट डेटा मागू शकतं, त्यामुळे नुसतं 'डेटा युरोपातच ठेवलाय' म्हणून भागत नाही. ओव्हीएचसारख्या फ्रेंच क्लाउड कंपन्या आहेत, पण अ‍ॅमेझॉनइतकं सगळं एका जागी मिळत नाही. आणि जर्मनीतल्या म्युनिकची महापालिका विंडोज सोडून फुकटच्या लिनक्सवर गेली होती, तरी 2017 मध्ये परत विंडोजचं ठरवलंच ना!